मासिकांतला गिअर

शोरूममधल्या लाल स्पोर्ट्स कारचा क्लच दाबताना माझ्या मुलीने ओठ चावला. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तिला वर्षही झालं नव्हतं.

"ताई, ऑटोमॅटिक दाखवू का?" सेल्समनने विचारलं.

"छे! आमचे बाबा म्हणतात, गिअर हातात नसेल तर ती स्पोर्ट्स कार कसली?"

"मग काका, तुम्हीच एक चक्कर मारा की." त्याने किल्ली माझ्यापुढे धरली.

माझे कान तापले. "मला गाडी येत नाही," मी फरशीकडे बघत म्हणालो. "ते सगळं मासिकांत वाचलेलं."

मुलगी गुडघा चोळत माझ्याकडे वळली.

"आणि मी तुमच्या शब्दाखातर हा पाय मोडून घेत होते!" मग सेल्समनला म्हणाली, "ऑटोमॅटिकच काढा."

चक्कर मारायला ऑटोमॅटिक आली, तेव्हा मुलीशेजारची पुढची सीट रिकामी असूनही मी अंग चोरून मागे बसलो.