गाडीची डावी बाजू

तिरुवैयारुहून येताना कालव्यावरच्या पुलाचा कठडा आमच्या गाडीला घासला. आमचे हे, म्हणजे वादिराजराव, घरात पाऊल टाकताच म्हणाले की कठडाच रस्त्यात पुढे आलाय. त्याआधी भाजीवाल्याची हातगाडी पुढे आली होती, आणि त्याआधी आमचं स्वतःचं फाटक. तंजावरात हल्ली वस्तू फार हिंडायला लागल्यात, असं मी म्हटलं. ते त्यांना आवडलं नाही.

गाडीला कुठे लागलं की त्या जागी मी चंदनाचं बोट लावते आणि वर कुंकवाची टिकली देते. आमच्याकडे दाराच्या चौकटीला देतात, शिवणयंत्राला देतात, मग गाडीनंच काय घोडं मारलंय? दर शुक्रवारी टिकल्या ताज्या करायच्या. आमची गडद निळी गाडी त्यामुळे कायम लग्नाला निघाल्यासारखी दिसते.

गाडीचं घासलेलं दार लवकर नीट व्हायला हवं होतं. नातीला, शांभवीला, दर रविवारी गाण्याच्या शिकवणीला हेच तिरुवैयारुला नेतात. त्या रस्त्याला डाव्या हाताला पार शेवटपर्यंत कालवा, आणि गाडीत ती बसते तीही डावीकडेच.

पूर्वी असं काही झालं की विम्याचा माणूस यायचा. गाडीभोवती एक फेरी मारायचा, कॉफीची तारीफ करायचा आणि जायचा. आता माणूस येत नाही. कंपनीनं फोनवर एक लिंक पाठवली. चारी बाजूंनी फोटो काढा, काय मोडलंय ते यंत्र बघेल. शनिवार होता, म्हणून आमची लेक नित्या घरी होती. तिनं फोन धरला.

पहिल्याच फोटोला यंत्र अडलं. माझ्या एकेका टिकलीभोवती त्यानं चौकट काढली आणि तमिळमध्ये सांगितलं, गाडीला चिकटलेलं काढून टाका. ते मंगल असतं, असं ह्यांनी फोनला तमिळमध्येच समजावलं. फोननं पुन्हा तेच सांगितलं. शेवटी मी बादली आणली आणि माझ्याच हातानं सगळ्या टिकल्या धुतल्या.

मग नित्या फोन घेऊन गाडीभोवती हळूहळू फिरली, प्रदक्षिणा घालावी तशी. फेरी संपते न संपते तोच पडद्यावर आमची गाडी उमटली, आणि जिथे जिथे लागलं होतं तिथे तिथे पिवळी रेघ. मी धूळ समजले होते तो ओरखडासुद्धा त्यानं सोडला नव्हता. मागच्या दाराच्या मधोमध तर भलं मोठं वर्तुळ होतं, आणि तिथे काही म्हणजे काही नव्हतं.

यंत्र फसलं म्हणून ह्यांना बरं वाटलं. मी दारावर तळवा फिरवला. एका जागी तो किंचित आत गेला, लहान मूल गाल आत ओढतं ना, तेवढाच खळगा. डोळ्याला दिसतच नव्हता. नित्यानं फोटो मोठा करून दाखवला. शेजारच्या खिडकीचे गज आमच्या दारात आरशासारखे पडले होते. सगळीकडे सरळ, तेवढ्याच जागी जरासे कललेले. यंत्राला पोचे आलेल्या लाखो गाड्या दाखवल्यात, ती म्हणाली; बघून बघूनच ते शिकलंय.

देवळात गाभाऱ्यात गुरुजी दिवा उंच धरतात, आणि इतका वेळ नुसता काळोख होता तिथून मूर्तीचा चेहरा पुढे येतो. तसं झालं मला. ओल्या हातांनी मी अंगणात उभीच राहिले.

यंत्र आणखी एक गोष्ट म्हणत होतं. ह्या सगळ्या खुणा एका दिवसाच्या नाहीत, काही जुन्या आहेत, वेगवेगळ्या वेळच्या. ते मला खोटं ठरवतंय, असं म्हणत हे रागावून आत गेले.

मी पडदा बघत होते. उजवी बाजू कोरी. एक रेघ नाही. सगळं पिवळं डावीकडे, पुढच्या दिव्यापासून मागच्या दारापर्यंत, आणि तो खळगा आणि तो धुळीसारखा ओरखडा सोडला तर प्रत्येक रेघ तिथेच, जिथून मी आत्ता टिकली धुतली होती. एकेक करून माझ्याच बोटांनी लावलेल्या. एकत्र अशा मी त्या कधी बघितल्या नव्हत्या.

दुपारी पानं मांडली. केळीच्या पानावर डावीकडे मीठ, लोणचं, कोशिंबीर. बरेच महिने ह्यांची कोशिंबीर पानात तशीच राहत होती, आणि आपल्या हाताची चव गेली म्हणून मी मनातल्या मनात कुढत होते. आज मी त्यांच्या पानावरून नजर हलवली नाही. ताकभात संपला आणि ते पान मिटायला लागले.

"कोशिंबीर राहिली," मी म्हटलं.

"वाढलीच नाहीस."

नित्याचा घास हातातच राहिला. मी ह्यांच्या डाव्या अंगाला गेले आणि हात पुढे धरला.

"अहो, समोर बघा. मान वळवू नका. माझा हात दिसतोय?"

"कुठला हात?"

 मग त्यांनी सावकाश मान वळवली. आधी हात बघितला, मग मला. उजवा हात अजून ताकभातानं माखलेला होता. डाव्या हातानं त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि नित्याच्या पानाशेजारी ठेवली.

"उद्या शांभवीला तू घेऊन जा," ते म्हणाले.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ह्यांनी एका यंत्रात हनुवटी टेकवली. आत बारीक ठिपके लुकलुकायचे. दिसला की बटण दाबायचं. मी मागे बसून बटणाचा आवाज ऐकत होते. अधूनमधून तो बराच वेळ यायचाच नाही. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधानं राखता येईल, डॉक्टर म्हणाले. गाडी चालवायची नाही, आणि डावीकडचं मान वळवून बघायची सवय करा. तुमच्या लक्षात कसं आलं, असंही त्यांनी विचारलं. विम्याच्या यंत्रानं गाडी तपासली त्यावरून, मी म्हटलं. त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे बघितलं. त्या यंत्राला कोणी डोळ्यांबद्दल विचारलंही नव्हतं.

शुक्रवारी नेहमीसारखं चंदन उगाळलं. गाडी दुरुस्तीला गेली होती. नित्याचा फोन ओट्यावर होता, त्याच्या पाठीवर टिकली दिली. तिनं बघितली आणि पुसली नाही.

त्या दुपारी पान वाढल्यावर ह्यांनी बगळ्यासारखी मान डावीकडे वळवली, कोशिंबीर शोधली आणि सगळी संपवली. मीठ कमी आहे म्हणाले.