धुऱ्यावरचे मूग

त्या साली वऱ्हाडाला कापसाचं वेड लागलं होतं. वेड म्हणजे वेड! सात समुद्रांपलीकडे कुठं तरी लढाई पेटली, तिकडचा कापूस बंद पडला, आणि इकडे आपल्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. अमरावतीच्या बाजारात गाड्यांना उभं राहायला जागा पुरेना. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या, कोणी बायकोला पायापासून गळ्यापर्यंत मढवलं. लोकांनी पार उंबऱ्यापर्यंत कापूस पेरला. आणि आषाढ लागला की हीच मढवलेली माणसं टोपलं घेऊन दारोदार, "पायलीभर ज्वारी हाय काय वो?" आता चांदी काय चावून खायची असते?

पूर्णाकाठच्या गोदाबाईला याची भारी चीड. बाई विधवा, पोटी मूलबाळ नाही, पण जिभेला धार आणि कामाला वाघीण. तिच्या वावरात विहीर होती, आणि त्या खाऱ्या मुलखात तिचं पाणी गोड होतं. अर्धं गाव तिथून घागरी भरून नेई. बाईनं कधी कोणाला नाही म्हटलं नाही.

एके दिवशी नत्थुजीच्या ओसरीवर सांजेचं भजन आटोपलं, तशी गोदाबाईनं घोंगडी पसरली आणि ओटीतले दाणे तिच्यावर ओतले. भजनाला बसणारी घरं चारच. म्हातारा नत्थुजी, पेरणीची तिफन हाकण्यात पटाईत सहदेव, जरा तापट असा खुशालराव आणि ती. चौघांची वावरं एका ओळीत, एकमेकांना लागून, मधे फक्त दगडांचे धुरे, म्हणजे बांध.

"रोज भजनात म्हणतो ना, सारं त्याचंच हाय? मंग धुरे काहून ठेवले?" ती म्हणाली. "हे पाहा. अर्ध्यात ज्वारी. पाव हिस्सा कापूस, मीठमिरची-कपड्यापुरता. उरल्यात तूर, मूग, भाजीपाला. शेण इकाचं नाई, मातीतलं मातीले. विहिरीपाशी आंबे लावाचे. खळं एक, चूल एक. दिवेलागणीले भजन तिथंच, विहिरीवर. कोणी उपाशी निजाचं नाई अन् जमीन कोणी इकाची नाई."

घोंगडीवर दाण्यांची चार वावरं एक झाली होती. खुशालराव डोकं खाजवीत म्हणाला, "अन् भांडण झालं तं?"

"तं आधी जेवाचं, मंग भांडाचं. एका चुलीवर जेवल्यावर जोर राह्यला तं भांडा खुशाल!"

सगळे हसले. हसता हसता ठरलं, आणि खरं सांगायचं तर अशी गोष्ट हसण्यातच ठरते. फार विचार करत बसलं की माणूस भितो.

पण घरचाच वैरी निघाला. गोदाबाईचा धाकटा दीर केशवराव. त्याचं वावर तिच्या पलीकडे लागूनच, आणि त्यात काडी न् काडी कापसाची. वहिनीचं वावर आज ना उद्या आपल्याकडेच येणार, हा त्याचा हिशोब. तो पारावर तणतणत आला. "वयनी, भावाचं वावर तुमी भजन्याइच्या घशात घालून राहिल्या काय?"

गोदाबाईनं पारावरच्या मारोतीच्या पायांवर हात ठेवला. "भाऊजी, पोळ्यापर्यंत थांबा. तवरीक आमी चार घरं भांडून येगळी झालो, तं माहं वावर तुमचं. विहिरीसकट. पेरा कापूस."

पारावरचे लोक साक्षीदार झाले. बाईजवळ त्या वावराशिवाय होतं काय? तेही तिनं पणाला लावलं. याला म्हणतात छाती!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुरे मोडले. दगड उचलले, वर वखर फिरवला, जमीन घोंगडीसारखी सपाट झाली. मिरगाला सहदेवानं तिफन जुंपली, आणि चाड्यावर, म्हणजे दाणे सोडायच्या वाडग्यावर, मूठ धरायचा मान गोदाबाईला दिला. चारही वावरांतून पेरणीची एकच लांब ओळ. तिफनीमागं चालत ती मुठीतून ज्वारी सोडत राहिली आणि मागं बायका गाणी म्हणत राहिल्या. संध्याकाळी तिचे पाय सुजले होते, पण जीव भरून आला होता. इतकी सुखी ती लग्नातही नव्हती.

आठवड्यानं ज्वारी उगवली. आणि पाहते तो काय! हिरव्या रानात तीन उघडे पट्टे. बरोब्बर जिथं धुरे होते तिथं. पट्ट्यांवर एक कोंब नाही.

गोदाबाईनं खाली बसून पट्टा उकरून पाहिला, मातीत दाणाच नव्हता. तिला क्षणात सगळं समजलं. धुऱ्यावरच्या दगडांवर दाते मोडू नयेत म्हणून तिथं तिफन उचलायची, ही सहदेवाच्या हाताची जन्माची सवय. त्यानं उचलली, आणि तिफन उचलली की दाणा वाया जाऊ नये म्हणून मूठ मिटायची, ही तिच्या हाताची. दगड नव्हते, धुरा नव्हता, तरी ओळीओळीला दोघांचे हात आपले आपण थांबले होते. घोंगडीवर दाणे मांडून गावाला शहाणपण शिकवणारी ती, आणि तिचीच मूठ मिटली! तिला रडू कोसळलं.

केशवराव बांधावर उभा राहून टाळ्या पिटत होता. "सुंभ जळालं, पीळ काई जळाला नाई! अवो, पोळा कायले पाहिजे? धुरे तं उगवून आले!"

त्यात खुशालराव बिथरला. "माह्याकडची ज्वारी दाट हाय. सहदेवाकडची पातळ. मंग खळ्यात सारखं काहून?" सहदेवाचा चेहरा लाल झाला. आता आणखी एक शब्द, की वावर गेलंच होतं.

गोदाबाई डोळे पुसून उठली. "मूठ माही मिटली. बोलाचं असंल तं मले बोला," ती म्हणाली. "सहदेवाचं काई नाई, बैलाचं काई नाई. धुरा जमिनीत नव्हता, माह्या हातात होता." मग तिनं पदराची गाठ सोडली. तिच्यात मूग होते. "पट्टे मनातून आले, तं लपवाचे कायले? मूग लावू यात. अन् हा मूग आपल्या चौघाइचा नाई. येणाऱ्या-जाणाऱ्याचा. ज्याले भूक लागंल त्यानं तोडावा, इचारू नये."

 म्हातारा नत्थुजी काठी ठेवून पट्ट्यात उकिडवा बसला आणि बोटानं भोकं पाडून मूग टोबू लागला. सहदेव बसला. घटकाभरानं खुशालरावही बसला, पुटपुटत का होईना, पण बसला. हात कामाला लागले की तोंड आपोआप मिटतं.

पोळा आला. घरोघर बैल सजले. केशवराव नवं धोतर नेसून वावराकडे निघाला, सोबत पारावरचे दोन साक्षीदार. आज निकाल लावायचाच. चार घरांच्या बैलांवर एकच तोरण बांधलेलं त्यानं लांबूनच पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. मग त्याची नजर पट्ट्याकडे गेली.

मुगाच्या वेलांत एक बाई वाकून शेंगा तोडत होती. ओटी भरलेली. हातात चांदीचे गोठ, पायांत चांदीचे तोडे. ती माणिकबाई होती, त्याची बायको.

"काय व!" तो ओरडला. "कोणाच्या वावरातलं तोडून राहिली?"

माणिकबाई दचकली, पण ओटी सोडली नाही. "कोणाच्याच नाई. धुऱ्यावरलं हाय," ती म्हणाली. "घरात चार दिवसापासून दाणा नाई. तुमाले रोज घुगऱ्या कुठून वाढून राहिली मी?"

साक्षीदारांनी मान फिरवली.  मागं केशवरावाच्या स्वतःच्या वावरात कापूस कमरेइतका उभा होता, पाहण्यासारखा. पण खाण्यासारखं त्यात काही नव्हतं. गोदाबाई विहिरीवरून आली, तिनं सगळं ऐकलं होतं. एक टोमणा मारायची किती सोन्यासारखी संधी! दुसरी असती तर सोडती काय? तिनं फक्त जावेच्या ओटीत आणखी मूठभर शेंगा घातल्या.

"जेवाले थांबा, भाऊजी. सण हाय. पुरण शिजून राहिलं," ती म्हणाली.

केशवरावानं वाकून एक शेंग तोडली, सोलली, कोवळे दाणे तोंडात टाकले. बराच वेळ चावत राहिला. मग बैलांपाशी उभ्या सहदेवाकडे न पाहताच त्याला म्हणाला,

"येत्या मिरगाले माह्या धुऱ्यापाशीबी तिफन उचलू नोको."