चार गुरुवार बांधून ठेवलेली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. चर्चच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली अडगळीची एक खोली आहे, तिथे माझा मुक्काम असतो. माझ्या डावीकडे पाती वाकलेला पंखा आहे आणि उजवीकडे वाळवी लागलेल्या गीतपुस्तकांचा ढीग. कोणीतरी घाईघाईत मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि तसंच विसरून गेलं. तुम्हीच सांगा मित्रांनो, खुर्चीनं भिंतीकडे बघत दिवस कसे काढायचे? पंखा तर बोलायचं नाव घेत नाही. म्हणून आज तुमच्यापाशी मन मोकळं करते आहे.

माझा जन्म उरल्यासुरल्या लाकडातून झाला. चर्चची बाकं करून झाल्यावर सुताराकडे थोड्या फळ्या उरल्या. त्या टाकवेनात म्हणून त्यानं मला जोडलं. बाकं सगळी एका मापाची, एका रंगाची. ती रांगेत ऐटीत बसली. मी एकटीच वेगळी निघाले. माझा मागचा डावा पाय नखभर आखूड राहिला. सुतारानं त्याखाली चामड्याचा तुकडा ठोकला, तरी कोणी बसलं की मी 'कर्रर' करतेच. शेवटी त्यानं मला चर्चच्या राखणदाराला देऊन टाकलं आणि मी आवारातल्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरात राहायला गेले.

राखणदाराची मुलगी माझ्यावर चढून खिडकीची कडी लावायला शिकली. मोठी झाल्यावर ती लाँड्रीत कामाला लागली. दवाखान्यातल्या चादरींना दिवसभर उभ्यानं इस्त्री करायची आणि घरी आली की "आई गं" म्हणत माझ्यावर अंग टाकायची. "माझी गुणाची खुर्ची ती," असं म्हणून माझ्या हातावर थोपटायची. मित्रांनो, माणसं एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखतात, मी बसण्यावरून ओळखते. तिच्या बसण्यात किती थकवा असायचा, ते तिच्या बापालाही कळलं नसेल. पुढे बाप वारला, नवरा घर सोडून गेला, आणि घरात ती, तिची लेक आणि मी अशा तिघीच उरलो.

लेकीला सगळे खारू म्हणायचे, कारण बिस्कीट लगेच न खाता ती गालात ठेवून हिंडायची. आठव्या वर्षी खारूची हाडं दुखायला लागली. ताप हटेना. डॉक्टरांनी आईला खोलीबाहेर बोलावून काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. पण त्या संध्याकाळी ती माझ्यावर बसली, ती दिवा लावायलासुद्धा उठली नाही. दुसऱ्या दिवसापासून माझी जागा खारूच्या पलंगाशेजारी ठरली. पलंगावर कोणी टेकलं की धक्का बसून पोरीची हाडं ठणकायची. त्यामुळे तिच्याजवळ बसायचं तर माझ्यावरच बसावं लागे.

पण आईला काम सोडून चालणार नव्हतं. शेजारच्या मावशी दुपारपर्यंत अधूनमधून डोकावून जायच्या. दुपारी दोन ते चार मात्र खारू एकटी असायची. तेव्हा ती रडायची. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून उशीत तोंड खुपसून रडायची. मी हातभर अंतरावर होते आणि मला हात असूनही त्यांचा काही उपयोग नव्हता.

एका मंगळवारी दुपारी ती रडली नाही. आई आल्यावर तिनं सांगितलं, "आई, आज येशू आला होता. इथे खुर्चीवर बसला होता."

आईच्या हातातली पिशवी खाली पडली. "काय म्हणाला गं?"

"काहीच नाही. नुसता बसला. त्याचे पाय दुखत होते."

"तुला कसं कळलं?"

"त्यानं चपला काढल्या आणि पाय खुर्चीखाली घेतले. तू घेतेस ना, तसेच."

आईला राहवलं नाही. तिनं ते मावशींना सांगितलं, मावशींनी चर्चमधल्या निवृत्त शिक्षिकाबाईंना सांगितलं, आणि बाईंना सांगितलं म्हणजे गावभर झालंच. बुधवारी सकाळपासून माणसं येऊ लागली. कोणी माझ्या बैठकीला हात लावून तो कपाळाला लावला, कोणी माझ्यापुढे गुडघे टेकले, एकानं वाकून माझे पाय मोजले. इतका मान मला जन्मात मिळाला नव्हता. पण मित्रांनो, एवढ्या माणसांत माझ्यावर बसलं कोणीच नाही. सगळे माझ्याकडे बघायचे आणि पोरीकडे पाठ करून उभे राहायचे.

दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत शास्त्राभ्यासाची, म्हणजे बायबल वाचणारी मंडळी जमत. त्यांनी ठरवलं की हे दर्शन खरं की खोटं याचा छडा लागेपर्यंत खुर्ची आपल्या ताब्यात असावी. बुधवारी दुपारीच दोघं जण मला न्यायला आले. चर्चचे पाळक सोबत होते म्हणून आईला नाही म्हणवेना. मनात तिला आशाही असावी, की एवढी मोठी माणसं लक्ष घालताहेत तर देवही घालेल.

"परत कधी आणणार?" खारूनं विचारलं.

"उद्या, परवा. लगेच," पाळक म्हणाले. माणूस भला होता, पण कोणाला दुखवायचं म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा.

त्या खोलीत त्यांनी मला मधोमध ठेवलं आणि माझ्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत दोरी बांधली. प्रभू बसला त्या जागी कोणी माणूस बसू नये म्हणून शिक्षिकाबाईंना दोरी हवी होती. उद्या लोक खुर्चीलाच पुजायला लागतील, म्हणून कोणी जवळ जाऊ नये, असं घड्याळजींचं म्हणणं होतं. त्या दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

घड्याळजी म्हणजे चौकातले घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ. अख्खं शास्त्र त्यांना तोंडपाठ होतं आणि कोणाची चूक निघाली की त्यांचा चेहरा खुलायचा. "शास्त्रात देव येतो तेव्हा काहीतरी सांगतो," ते म्हणाले. "हा आला, बसला, गेला. निरोप नाही, आज्ञा नाही. हे कसलं दर्शन?"

"लेकरांना दिसतं ते शहाण्यांना दिसत नाही, हे प्रभूनंच सांगितलंय," शिक्षिकाबाई कडाडल्या.

"ताप चढला की काहीही दिसतं," दवाखान्यातले जुने कंपाउंडर म्हणाले. "माझ्यासमोर एकाला भिंतीवर घोडे दिसले होते."

"घोडेच दिसले ना? येशू तर नाही दिसला!"

असे दोन गुरुवार गेले. पायांना खिळ्यांच्या खुणा होत्या का, चपला कसल्या होत्या, मरणातून उठलेल्या प्रभूचे पाय दुखू शकतात का, यावर कडाक्याचे वाद झाले. सगळं एका जाड वहीत टिपलं गेलं. तिसऱ्या गुरुवारी एक बाई हळूच म्हणाल्या, "आईबापांचं काहीतरी पाप असल्याशिवाय लेकरावर असं येतं का हो?"

पाळक पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "जन्मांध माणूस बघून शिष्यांनीही हेच विचारलं होतं. प्रभूनं काय सांगितलं? ना त्याचं पाप, ना त्याच्या आईबापांचं."

"मग आठ वर्षांच्या पोरीला हे कशासाठी?" कंपाउंडरांनी विचारलं.

त्यावर पुढच्या गुरुवारी आणखी ग्रंथ आणायचे ठरले. सगळे निघून गेले, दाराला कुलूप लागलं, आणि मी दोरीत एकटी उभी राहिले. मला आठवडाभर एकच गोष्ट आठवत राहायची. दुपारचे दोन वाजले असतील आणि पोरगी उशीत तोंड घालून रडत असेल.

चौथ्या गुरुवारी वाद ऐन रंगात आला असताना दार उघडून खारूची आई आत आली. थेट लाँड्रीतून आली असावी. तिच्या साडीला खळीचा वास येत होता.

"झाला का निर्णय?" तिनं विचारलं.

"शास्त्रातून पाहतोय, ताई," पाळक म्हणाले. "घाई करून चालायचं नाही."

"पाहा तुम्ही. पण माझी खुर्ची द्या." ती दोरीकडे बघत होती. "बावीस दिवस झाले. पलंगावर बसले तर पोर कळवळते, खाली बसले तर तिला मान वळवूनही मी दिसत नाही. रोज विचारते, आई, तो परत आला तर बसेल कुठे? मी काय सांगू तिला? म्हणते, त्याचे पाय दुखतात गं."

घड्याळजींच्या पुढ्यात शास्त्र उघडं होतं. न बोलणाऱ्या पाहुण्याचा दाखला शास्त्रात कुठेच नाही, हे सिद्ध करायला ते आठवडाभर पानं चाळत होते. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं होतं.

"इथे आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला ओळखूच आला नाही. "त्या नीतिमान माणसाची गोष्ट. गुरं गेली, लेकरं गेली, अंगभर फोड आले. त्याचे मित्र आले आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. आणि मग..." त्यांनी पुस्तक मिटलं. "मग त्यांनी तोंड उघडलं आणि आपल्यासारखं बोलायला लागले."

ते उठले. दोरीची गाठ सोडू लागले. तांदळाएवढे स्क्रू सहज फिरवणारी त्यांची बोटं, पण ती गाठ काही त्यांना सुटेना. शेवटी त्यांनी चाकूनं दोरी कापली. "अहो, ठराव झालेला नाही," कोणीतरी म्हणालं. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. मला उलटं करून डोक्यावर घेतलं आणि अंगणातून सगळ्यांदेखत चालायला लागले.

घरी पलंगाशेजारी, माझ्या जागी, पाण्याचा तांब्या ठेवायचं एक वीतभर उंचीचं स्टूल होतं. खारू फारच बारीक झाली होती. घड्याळजींनी मला जागेवर ठेवलं आणि ते अवघडून उभे राहिले.

"बसा ना, आजोबा," खारू म्हणाली.

"मी? यावर?"

"तो आला की उठा."

ते बसले. मी 'कर्रर' केलं आणि खारू कितीतरी दिवसांनी हसली, असं आई नंतर सांगायची. ज्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीवर वचन तयार असायचं, तो तासभर गप्प बसला. मग खारूनंच विचारलं, "तुमचे पण पाय दुखतात?"

"दुखतात गं, पोरी."

"मग काढा चपला." त्यांनी चपला काढल्या आणि पाय माझ्याखाली घेतले.

त्यानंतर रोज दुपारी दोनला घड्याळजी दुकान बंद करून यायचे. खारू त्यांचं खिशातलं घड्याळ कानाशी धरून टिकटिक ऐकायची आणि ऐकता ऐकता झोपायची. असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी आई कामावर गेली नाही. ती माझ्यावर बसली होती आणि घड्याळजी खाली जमिनीवर. दुपारी तीनच्या सुमारास खारू गेली. आई किती रडली ते मी सांगणार नाही. ते माझं मलाच ठेवू द्या.

पुढे आईला माझ्याकडे बघवेना, म्हणून तिनं मला चर्चला दिलं. तिथे मला थोडे दिवस कोपऱ्यात मानानं ठेवलं. अर्थात, बसलं कोणीच नाही. मग भिंतींना रंग द्यायचा होता तेव्हा मला जिन्याखाली सरकवलं. वहीत शेवटी 'निर्णय झाला नाही' एवढंच लिहिलंय म्हणे. शिक्षिकाबाईंनी एकदा घड्याळजींना माझ्यासमोरच विचारलं होतं, "आता तरी सांगा, दर्शन खरं होतं ना?"

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी चार गुरुवार उशीर केला, एवढं माहीत आहे."

मित्रांनो, तुम्हालाही तेच विचारायचं असेल. त्या मंगळवारी माझ्यावर कोणी बसलं होतं का? मला तर कोणी विचारलंच नाही, म्हणून खरं ते तुम्हाला सांगते. मला वजन जाणवलं नाही. मी करकरलेही नाही. पण पोरगी त्या दुपारी एकटी नव्हती. एकटी असताना ती कशी रडते ते मी रोज ऐकत होते, आणि त्या दुपारी ती रडली नाही. याहून जास्त मला सांगता येत नाही.

तुमच्या घरात, शेजारी, वर्गात कोणी आजारी असेल, तर असं का झालं याचं उत्तर सापडेपर्यंत थांबू नका. जवळ जा आणि बसा. बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल. आणि कधी चर्चच्या मागे आलात तर जिन्याखालचं दार ढकला. मला भिंतीकडून वळवा, धूळ झटका आणि जिथे कोणी एकटं पडून असेल तिथे घेऊन जा. माझे पाय अजून भक्कम आहेत. एक तेवढा नखभर आखूड आहे, पण त्याची सवय होते.