उघडी दारं

दगड मुठीत मावेल एवढाच होता, घासूनपुसून काळाभोर केलेला, आणि त्यावर सोनेरी अक्षरांत — आपला डोंगर, आपली भागीदारी. लाल मखमलीच्या डबीत. घराघराला एकेक. रोहिणी डब्या वाटत होती आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. आमचाच डोंगर फोडायचा, त्याचीच कपची घासायची आणि आम्हालाच भेट म्हणून द्यायची, वर टाळ्याही आमच्याच घ्यायच्या... बायका डबी उघडून बघत, मिटत, पदराखाली धरत.

समाजमंदिराची दोन्ही दारं सताड उघडी होती. शैलेश सरांनी तसं मुद्दाम सांगितलं होतं — कंपनीचे मॅनेजर, पनवेलचे, गोड बोलणारे — उकडतंय, हवा येऊ दे. हवा! खालच्या खाणीचा धुरळा सोडला तर वर्षभरात या दारांतून काय आलं होतं? दारं कशासाठी उघडी आहेत हे रोहिणीला पक्कं ठाऊक होतं, कारण ते तिनेच त्यांना सांगितलं होतं, नोकरीच्या पहिल्याच दिवशी, केवढ्या विश्वासाने: सर, आम्हा कातकऱ्यांत दारी आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत, नको असेल तर गुपचूप उठून जातात, गेल्या साली खालच्या डोंगराच्या सभेतून सगळे उठून गेले आणि तुम्ही लिहिलंत, विरोध कुणाचाच नाही — पण ते उठून जाणं हाच नकार होता, सर. सरांनी समजूतदारपणे मान डोलावली होती. आणि आज ही दारं.

आज वरचा डोंगर. करांद्यांचे कंद खणायचे ते तिथे, वाघदेव तिथे, कुंभ्याच्या झाडाखाली पुरलेला तिचा बाप तिथे. आज सभेत कुणी नाही म्हटलं नाही तर पुढच्या आठवड्यात सुरुंग. माईक तिच्याच हातात, कारण वाडीतली पहिली पदवीधर म्हणून कंपनीने तिला समन्वयक नेमलं होतं, आणि आत शिरून हे थांबवता येईल म्हणून तिने ते काम घेतलं होतं... आत शिरून! पनवेलजवळ करंजाड्यात भाड्याची खोली मिळाली, तिच्या स्लॅबमध्येसुद्धा खडी आपल्याच डोंगराची असेल, या विचाराने ती कितीदा तरी छताकडे बघत पडून राहिली होती.

शैलेश सर टँकरबद्दल सांगत होते, शाळेच्या रंगाबद्दल, पोरांच्या नोकऱ्यांबद्दल. आणि वाडीतले सगळ्यांत म्हातारे काशीराम आजा गुडघ्यावर हात टेकून उठले. चपला पायात सरकवल्या, गेले.

आठवडाभर ती घरोघर फिरली होती — उठू नका, बसून राहा, एकदा तरी तोंडावर नाय म्हणा. सगळे हो म्हणाले होते. आता एकेकाची पाठ दारातून बाहेर पडताना बघून तिच्या ध्यानात आलं की तिलाही कुणी तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. तिला ओरडावंसं वाटलं. बसा ना... कसली ही रीत, कोण तुमच्या अदबीची कदर करतंय इथे, तो बघा कसा घड्याळ बघतोय, त्याला तुम्ही गेलेलेच हवे आहात! पण ओरडणं लांबच, तिचेच पाय खुर्चीखालून पुढे आले होते. तीही उठत होती. पदवी परवाची, पाय जुने.

खांद्यावर हात पडला, आणि त्याने तिला खाली दाबलं. आय होती, भामा.

"तू बस," ती हळूच म्हणाली. "आमच्या तोंडातून 'नाय' निघतच नाय."

आणि गेली. मागे वळून पाहिलं नाही. रोहिणीला तिचा असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं — किती सोपं, सगळा डोंगर पोरीच्या डोक्यावर ठेवून मोकळं व्हायचं!

सभागृहात आता कंपनीची माणसं होती आणि ती.

"चला," शैलेश सर मऊ आवाजात म्हणाले, "उपस्थितांपैकी विरोध कोणाचाच नाही. बरोबर ना, रोहिणी?"

तिने तोंड उघडलं. शब्द आला नाही. नोकरीची भीती असेल असं तिला वाटलं, तिने ती चाचपून पाहिली — ती नव्हती. घशात अडकलं होतं ते वाडीचंच काहीतरी, आलेल्या माणसाचं मन मोडू नये असं, आणि ज्या कारणासाठी ती आठवडाभर सगळ्यांवर चिडत होती ते तिच्याही गळ्यात तसंच बसलेलं होतं. मी यांच्यापेक्षा वेगळी कुठे आहे... मग एकदम, अगदी साधं काहीतरी सुचल्यासारखं तिच्या मनात आलं: पाहुणा परत जातो. हा कुठे जातोय?

आयवरचा राग गेला, काशीराम आजांवरचा गेला, स्वतःवरचा गेला. पण राग गेला नाही. तो सगळा एका जागी येऊन उभा राहिला, आणि तिला त्याची लाज वाटेनाशी झाली. शैलेश सर अजून हसून वाट बघत होते, आणि ती आयुष्यात पहिल्यांदा, मान खाली न घालता, ओठांवर 'नाय' घेऊन त्यांच्याकडे बघत होती.