डाव्या बाजूचं हँडल

आमच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात प्रत्येक पान्यावर, प्रत्येक हातोडीवर एकच नाव आहे, सयाजी. घरच्या भांड्यांवर घालतात तसं ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं. आणि ह्यांचा नियमही एकच, ज्याचं नाव त्याला विचारून हात लावायचा. आमची क्रांती फ्रॉक घालायची तेव्हासुद्धा साधा पाना उचलायचा तर "आबा, घेऊ का?" म्हणायची. मी चिडायचे, पोटच्या पोरीला कसले नियम? ह्यांचं उत्तर ठरलेलं, "हत्यार हाय ते, लाडू न्हाय."

ह्याच माणसाचा उजवा खांदा दिवाळीआधी गेला. जन्मभर इंजिन फरशीवर टाकायचं आणि पहारीनं उलटंपालटं करायचं, दुसरं काय होणार? डॉक्टरांनी जड कामाला हात लावू नका म्हणून बजावलं. तेव्हापासून हे घरात बसून माझ्या गळक्या नळाला शिव्या घालत होते. एक दिवस आमचं जुनं गिऱ्हाईक, मुरगूडच्या उदयसिंहांचा फोन आला, ट्रॅक्टरचं इंजिन खोलायचं होतं.

"दुसरीकडं न्या," हे म्हणाले. "माझं संपलं आता."

भाकरी थापता थापता माझा हात थांबला. भांडणारा नवरा मला चालतो, असा विझलेला चालत नाही.

क्रांतीनं फोन काढून घेतला. "काका, सोमवारी आणा."

तिनं इंजिन टांगायचा एक स्वस्तातला स्टँड आणला, लहान मोटारींसाठी असतो तो. हे बघून खो खो हसले. "ह्याच्यावर ट्रॅक्टरचं इंजिन? माझी टोपी टांग त्यावर."

क्रांतीनं मापाची पट्टी काढली. पट्टी काढली म्हणजे ऐकणार नाही, हे मला पाठ आहे. पुढचा किडकिडीत पाय कापून तिनं जाड लोखंडी चॅनेलचे दोन फाकलेले पाय जोडले, मोठी लोखंडी चाकं लावली. इंजिन फिरवायच्या जागी भंगारातून आणलेली, उसाच्या रसाच्या मशीनची गिअरपेटी हँडलसकट बसवली. मग म्हणाली, "आई, बस गं त्यावर." मी बसले. स्टँड हूं की चूं करेना. नंतर तिनं इंजिनापेक्षा जड भंगार त्याला टांगून ठेवलं आणि मांजरालासुद्धा खालून जाऊ दिलं नाही.

रविवारी आम्ही ह्यांना बळंच गॅरेजात नेलं. ह्यांनी वेल्डिंगवरून अंगठा फिरवला. खोड सापडेना म्हणून अस्वस्थ झाले. मग हँडल दिसलं आणि चेहरा खुलला.

"उलट्या बाजूला बसवलंस की! उजवीकडं पायजे."

"डावीकडंच पायजे."

"का? हितं डावखुरं कोण हाय?"

क्रांती ह्यांच्या छातीशी धरलेल्या उजव्या हाताकडं बघत राहिली. हेही बघायला लागले.

मग ह्यांनी डाव्या हातानं हँडल फिरवलं. तेवढं जड भंगार सावकाश फिरलं आणि हात सोडला तिथंच थांबलं. हे पुन्हा फिरवून बघत होते, लहान पोरासारखे. "हलकं हाय की गं," म्हणाले.

थोड्या वेळानं नाव घालायचा पंच मागितला. उजव्या हातात पंच, डाव्यात हातोडी. स्टँडवर ठिपके वेडेवाकडे पडत होते. माझं डोकं फिरलं. लेकीनं राबायचं आणि नाव पुन्हा बापाचंच! चार शब्द सुनवायला म्हणून मी पुढं गेले, वाकून बघितलं.

क्रांती, असं लिहिलं होतं.

सोमवारी उदयसिंहांचं इंजिन आलं. साखळीनं वर घेतलं, स्टँडला बसवलं, बोल्ट आवळले. स्टँडनं वजन झेललं. ह्यांनी बाह्या सरसावल्या, हँडलकडं हात नेला आणि मध्येच मागं घेतला.

"क्रांती, घेऊ का गं?"

तिनं पाना पुसत खाली मान घातली. "घ्या की, आबा," ती म्हणाली आणि रडायला लागली.