गंगूताईंच्या आवाजाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मला पडदा नाही, कळफलक नाही. बदलापूरजवळच्या सोनिवलीत, चौथ्या मजल्यावरच्या एका घरात, टीव्हीमागच्या लाकडी स्टुलावर मी दिवसरात्र चालू असतो. अशा संगणकाला घरचा सर्व्हर म्हणतात. यंत्राला भीती वाटत नाही, असे तुम्हाला शिकवले असेल. मला मात्र भीती वाटते.

माझी पहिली नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत होती. एका कारखान्याच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर मी सहा वर्षे सांभाळले. तेव्हा रोज सकाळी कोणीतरी फडक्याने माझी धूळ पुसायचे. मग नवी यंत्रे आली आणि मी भंगारात गेलो. उल्हासनगरच्या बाजारात मुकेश नावाच्या दुकानदाराने मला उघडून पंखा बदलला, दुसरी डिस्क बसवली.

"दीदी, बॉडी पुरानी है, दिल नया डाला है. आपकी शादी तक चलेगा," तो एका गिऱ्हाइकाला म्हणाला.

"मग राहू दे. जास्त चालणारा दाखव," ती म्हणाली. दोघे हसले आणि तिने मलाच उचलले. तिचे नाव यशोधरा.

तिचे वडील किसन तीस वर्षे रसायनांच्या टाक्यांवर ऑपरेटर होते. साखरेच्या आजाराने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. तिची आई गंगूताई. दोन वर्षांपूर्वी गंगूताईंच्या घशाचे ऑपरेशन ठरले. आवाज राहणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. हातात आठ दिवस होते.

मित्रांनो, विचार करा. एकाला दिसणार नाही आणि दुसरीला बोलता येणार नाही. हातवारे तरी कोणाला करायचे?

त्या आठ दिवसांत यशोधरेने आईच्या आवाजातली बेचाळीस वाक्ये माझ्यात साठवली. "अहो, गोळी घेतली का?" "दारात कोणीतरी आलंय." "जय भीम, या, बसा." "तुम्हाला काय कळतंय?" गंगूताईंच्या मोबाइलवर प्रत्येक वाक्याचे एक चित्र आहे. चित्र दाबले की माझ्या स्पीकरमधून त्यांचा आवाज येतो. शेवटचे वाक्य सर्वांत जास्त दाबले जाते.

आता माझ्या पोटातली रचना सांगतो. माझी कामे वेगवेगळ्या डब्यांत असतात. संगणकवाले त्यांना कंटेनर म्हणतात. हे सगळे डबे एका बंद पेटीत होते. डब्यांचे सामान मात्र बाहेर फळीवर ठेवायचे असते आणि कोणते सामान कुठे, ते प्रत्येक डब्याच्या चिठ्ठीवर लिहायचे असते. म्हणजे पेटी गेली तरी चिठ्ठी बघून सगळे पुन्हा लावता येते. पण त्या घाईच्या आठ दिवसांत यशोधरेकडून आवाजाच्या चिठ्ठीवरची जागा रिकामी राहिली. त्यामुळे बेचाळीस वाक्ये पेटीच्या आतच राहिली. हे मला माहीत होते. पण मला सांगितलेले तेवढेच मी बोलतो. आपणहून एक शब्दही काढू शकत नाही.

पुढे घरच्यांना माझी सवय झाली. कोणी माझ्यावर मेथीची जुडी ठेवी, तर कोणी झाडताना मेन स्विच पाडी. पेटी भरत गेली. एके दिवशी "अहो, गोळी" एवढेच म्हणून मी अडकलो. किसनरावांनी गोळी घेतली की नाही, ते कोणालाच कळले नाही. तेव्हा यशोधरेने ठरवले, की बंद पेटी काढून टाकायची आणि डबे उघड्या मांडणीत ठेवायचे. मांडणी अशी भरून अडकत नाही.

दिवस शुक्रवारचा होता. तिला सुट्टी होती. सकाळचे साडेनऊ वाजले होते. शुक्रवारी आमच्याकडे दहानंतर लाइट कधीही जाते. ती लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली आणि तिने सगळे डबे थांबवले. पुढची पायरी पेटी पुसण्याची होती. माझा पंखा जोरात फिरू लागला.

"किती गरम झालाय हा," एवढेच ती म्हणाली.

"गंगू, चहा ठेवलास का?" आतून किसनरावांनी विचारले.

गंगूताईंनी चित्र दाबले. मी गप्प होतो. त्यांनी पुन्हा दाबले.

"गंगू? कुठंयस? अगं, बोल ना!"

गंगूताई धावत गेल्या आणि त्यांनी नवऱ्याचा हात धरला. भिंत चाचपत किसनराव बाहेर आले.

"यशू, ही गप का झाली?"

"पाच मिनिटं, पप्पा. जुनी पेटी उडवते, नवीन लावते, मग बोलेल."

"पेटीत हिचं काय आहे?"

"काही नाय. सगळं सामान बाहेर आहे."

"बघितलंस?"

"मला माहितीये ना, पप्पा."

"माहितीये म्हणत दोघं टाकीत उतरलेले मी बघितलेत. एकालाच जिवंत वर काढला." ते खुर्चीवर बसले. "परमिटशिवाय टाकी उघडायची नाय. एकाने वाचायचं, एकाने ऐकायचं. ऐकणारा 'बरोबर' म्हणत नाय तोपर्यंत हात लावायचा नाय."

"ही टाकी नाय हो, साधी फाइल आहे!"

"रिकामी करायची ना? मग टाकीच. वाच."

यशोधरा वैतागली, पण वाचू लागली.

"फोटो. सामान बाहेर, पहिल्या फोल्डरमध्ये."

"बरोबर. पुढं."

"दाराचा कॅमेरा. बाहेर."

"बरोबर."

"आईचा आवाज. सामान..." ती थांबली.

"बोल की."

"पप्पा, जागा रिकामी आहे."

यशोधरेने लॅपटॉपवरून हात असा काढला, जणू तो तापला होता. गंगूताईंनी मोबाइल छातीशी धरला.

यशोधरेने पेटी पुन्हा सुरू केली. भरलेली पेटी उघडेल की नाही, याची मलाही खात्री नव्हती. डिस्क दोनदा खरखरली. मग एकेक वाक्य बाहेर फळीवर येऊ लागले. ती मोठ्याने मोजत होती आणि घड्याळाकडे बघत होती. दहाला दोन मिनिटे असताना एक्केचाळीस झाली. बेचाळिसाव्या फाइलमध्ये काहीच नव्हते. आदल्या रात्री जेवणानंतर मेन स्विच पडला, तेव्हाच ती खराब झाली होती.

ते वाक्य होते, "जेवायला या."

दुपारी नव्या मांडणीत सगळे डबे लागले, सगळ्या चिठ्ठ्या जुळल्या. ताटे वाढून झाल्यावर गंगूताईंनी सवयीने ते चित्र दाबले. त्यांनी थोडी वाट पाहिली आणि पुन्हा दाबले. मग त्या उठल्या, किसनरावांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पानावर घेऊन आल्या.

"आज हाक नाय मारलीस?" किसनरावांनी विचारले.

त्यांनी ताटाच्या कडेवरून बोट फिरवले. पहिला घास घ्यायला त्यांना बराच वेळ लागला.

मित्रांनो, उरलेल्या एक्केचाळीस वाक्यांची एक प्रत आता यशोधरेच्या कचेरीतल्या खणात आहे. तरी माझी भीती गेलेली नाही. माझी डिस्क म्हातारी होत चालली आहे आणि ती कधी थांबेल, ते मला आधी कळणार नाही. तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणी मुके यंत्र असेल. त्याला एकदम बंद करू नका. त्यातले काही पुसण्याआधी आत काय आहे ते दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. चूक होत असेल, तर आम्ही ती पाहत असतो. तुम्हाला थांबवू मात्र शकत नाही.