धनेश कुठल्या वाडीचा

लढाईच्या दिवसांत सरकारला लाकडाची निकड होती. खानापूरकडच्या त्या डोंगरातलं निम्मं रान तोडायचं ठरलं. कुठलं निम्मं, ते मारुतीराव रेंजरांनी बघायचं होतं. त्यांना पाखरांचं भारी वेड. त्यांनी डोंगरातल्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही वाड्यांना सांगून टाकलं, "पाखरं जिथं खरी नांदतात, ते रान मी राखणार."

झालं, दोन्ही वाड्या पाखरांच्या कैवारी झाल्या. जळण, शिकेकाई, गुरांचा चारा, सगळं रानावरच चालायचं. आपली बाजू बोडकी व्हावी असं कुणाला वाटेल? गुणाबाईची तर पंचाईतच. वरची वाडी सासर, खालची माहेर.

रेंजर आधी खालच्या वाडीत येणार म्हटल्यावर गुणाबाई सकाळीच माहेरी हजर झाली. तिचा थोरला भाऊ परशराम त्यांना ओढ्याकाठच्या वडाखाली घेऊन गेला. वड लाल फळांनी लगडलेला. पोपट, साळुंक्या, हारोळ्या, वर मोठ्या चोचीचे धनेश. नुसता बाजार भरलेला.

"बघा सायेब, पाखरं हितंच हाईत," परशराम म्हणाला.

मारुतीराव बराच वेळ मान वर करून बघत राहिले. "धनेश आहेत खरे. पण सगळे नरच दिसतात. माद्या कुठं गेल्या?"

"लाजत असतील," परशराम म्हणाला, आणि रेंजरसुद्धा हसले.

मग सगळे वरच्या रानात चढले. तिथं जुनी, गगनाला भिडलेली झाडं आणि गार सावली. पण पाखरू म्हणून दिसेना. गुणाबाईचा चेहरा उतरला. परशराम मिशीत हसत होता.

"वर काही दिसेना, तर खाली बघू," म्हणत मारुतीराव झाडांच्या बुंध्यांशी वाकून हिंडू लागले. गुणाबाईही पदर खोचून शोधू लागली. एका जुन्या बेहड्याखाली ती थबकली.

"सायेब, हितं वडाच्या बियांचा सडा पडलाय. वड तर खाली हाय."

मारुतीरावांनी तिथून वर बघितलं आणि सगळ्यांना झुडपाआड बसवलं. बेहड्याची ढोली लिंपून बुजवलेली होती, फक्त एक फट उरलेली. थोड्या वेळानं पंखांचा मोठा आवाज करत नर आला. फटीतून आतल्या मादीची चोच बाहेर आली, आणि तो घशातलं एकेक फळ काढून तिला भरवू लागला.

गुणाबाईला हसू आवरेना. "बाळंतीण सासरी कोंडून बसलीया, आन् तिचा दादला माझ्या माहेरची शिदोरी आणतोय."

संध्याकाळपर्यंत तशा आणखी ढोल्या सापडल्या. मारुतीरावांनी निकाल दिला: वरचं जुनं रान, वड आणि मधली ओढ्याकाठची झाडी, यांना कुऱ्हाड लागणार नाही. ओढ्यापलीकडचं कोवळं रान तोडीला जाईल. ते दोन्ही वाड्यांचं होतं. दोन्हीकडं थोडी कुरकुर झाली.

रात्री गुणाबाईनं भावाला जेवायला ठेवून घेतलं आणि फणसाची भाजी केली. "जेवत्यात आमच्यात, म्हंजे पाखरं आमचीच," परशराम भाकरी मोडत म्हणाला.

"नांदत्यात कुठं, ते इचार की अण्णा."

वैशाखात एका सकाळी बेहड्याची ढोली उघडी दिसली. फांदीवर आईबापाच्या मधे एक गबाळं पिल्लू बसलं होतं. गुणाबाई हातातलं जळण तिथंच टाकून भावाला बोलवायला उतारानं पळत सुटली.